तालमीत जाऊन बसा: कला-संस्थांसाठी लघुपट करणाऱ्यांना

फोन बहुतेक वेळा सारखाच येतो. "पुढच्या वर्षी आमच्या संस्थेला पन्नास वर्षं होतायत. एक छोटी फिल्म करायचीय. दहा मिनिटांत सगळं आलं पाहिजे बघा." सगळं म्हणजे संस्थापकांचा फोटो, आजी-माजी अध्यक्ष, येऊन गेलेले पाहुणे, पुरस्कार, इमारतीचं भूमिपूजन आणि शेवटी आभार. फोन करणारे सचिव मनापासून बोलत असतात. आयुष्यातली वीस-तीस वर्षं त्यांनी त्या संस्थेला दिलेली असतात, म्हणून त्यांना काहीच वगळवत नाही. आपलं काम तिथून सुरू होतं.

कोल्हापुरात अशा संस्थांना तोटा नाही. करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं, गायन समाज देवल क्लब 1883 चा. त्यांच्यामागून आलेल्या नाट्यसंस्था, चित्रकलेच्या शाळा, शाहिरी पथकं, मर्दानी खेळांचे आखाडे, भजनी मंडळं मोजायला बसलं तर प्रत्येक पेठेत दोन-चार निघतील. इथल्या सिनेमाचं मूळही अशाच कामात आहे. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. रंगवता रंगवता त्यांना स्वतःचा कॅमेरा बनवण्याचा ध्यास लागला. आनंदराव 1916 साली गेले, बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला. म्हणजे कला-संस्थेसाठी काम करत करत सिनेमाकडे जाणं ही या गावची जुनी वाट आहे.

एक कॅमेरा, दोन-तीन साथीदार आणि बेताचं बजेट घेऊन अशी फिल्म करू पाहणाऱ्यांसाठी मी हे लिहितोय. क्रमानं लिहिलंय, पण जिथं मी स्वतः ठेचकाळलो तिथं जास्त वेळ थांबलोय.

पहिली बैठक

पहिल्या बैठकीला कॅमेरा नेऊ नका आणि आकडा सांगू नका. वही न्या. तीन गोष्टी विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विषय बदलू देऊ नका.

पहिली: ही फिल्म कुठं दाखवणार? शाहू स्मारक भवनात तीनशे माणसांसमोर, की मोबाईलवर, की देणगीदाराच्या कार्यालयात टेबलावर? सभागृहात आठ-दहा मिनिटं माणसं शांत बसतात. मोबाईलवर पहिल्या पंधरा सेकंदांत काही घडलं नाही तर बोट पुढं सरकतं. या दोन्हीला एकच फिल्म पुरत नाही.

दुसरी: बघून झाल्यावर माणसानं काय करावं अशी तुमची इच्छा आहे? मुलांचे प्रवेश वाढावेत, देणगी मिळावी, की म्हाताऱ्या गुरुजींची विद्या टिपून ठेवावी? "माहिती व्हावी" हे उत्तर आलं तर पुन्हा विचारा, "कुणाला?" दोन-तीन वेळा विचारल्यावर खरं उत्तर बाहेर येतं. एका आखाड्याच्या सचिवांनी शेवटी सांगितलं होतं, "पोरी यायला लागल्यात, पण आयबाप धाडायला बिचकत्यात." त्या एका वाक्यानं आमची फिल्म ठरली. यापुढची उदाहरणं बरीचशी त्याच कामातली आहेत.

तिसरी: शेवटचा शब्द कुणाचा? कार्यकारिणीत अकरा माणसं असतात आणि अकराही जण सूचना करतात. सूचना त्यांनी आपसात एकत्र कराव्यात आणि आपल्याशी एकाच व्यक्तीनं बोलावं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. त्या व्यक्तीचं नाव कार्यकारिणीच्या ठरावात यावं असा आग्रह धरा. हे ठरवायचं राहिलं तर रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, दाखवल्यावर काय होतं ते ज्यांनी सोसलंय त्यांना विचारा.

घरी आल्यावर एक वाक्य लिहा: ही फिल्म कुणाबद्दल आहे आणि त्या माणसापुढं काय अडचण आहे. आमचं वाक्य होतं: "चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती वस्ताद पहिल्यांदा दांडपट्टा देणार आहेत." यात संस्थेचा इतिहास नाही, अध्यक्ष नाहीत. तरीही पुढं संस्थेचा सगळा इतिहास त्याच प्रसंगातून दिसला. हे वाक्य सचिवांना वाचून दाखवा आणि त्यांचा होकार घ्या. पुढं फिल्म भरकटायला लागली की दोघांनाही ते उपयोगी पडतं.

कॅमेऱ्याशिवाय तीन दिवस

या लेखातलं एकच सूत्र लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. समारंभ चित्रित करू नका, तालीम चित्रित करा.

कोल्हापुरात तालीम या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक नाटकाची तालीम. दुसरी पेठेतली तालीम, जिथं पहाटे पाचला लाल माती उकरली जाते, त्या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घातलेलं असतं आणि पोरं जोर-बैठका काढत असतात. दोन्हीकडं एकच गोष्ट चालते. माणूस चुकतो, पुन्हा करतो, मोठं माणूस हात धरून दुरुस्त करतं. समारंभात संस्था इस्त्रीचे कपडे घालून बसलेली असते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगत हे सगळीकडं सारखंच दिसतं, संस्थेचं नाव बदललं तरी कळणार नाही. सतारीची जवारी काढताना वाकलेली मान, पडदा चुकीच्या क्षणी पडला म्हणून विंगेत झालेली कुजबुज, मूर्तीच्या डोळ्याची रेघ ओढण्याआधी शाहूपुरीतल्या कुंभारानं धरलेला श्वास, या गोष्टी त्या-त्या जागेच्याच असतात.

म्हणून तीन दिवस नुसतं जाऊन बसा. कोपऱ्यात सतरंजीवर. पहिल्या दिवशी सगळे तुमच्याकडं बघतात. दुसऱ्या दिवशी चहा आणून देतात. तिसऱ्या दिवशी तुम्हाला विसरतात. विसरले की तुम्हाला खरं काम दिसायला लागतं.

या तीन दिवसांत वहीत काय लिहायचं? उजेड कुठून आणि किती वाजता येतो. आवाज कोणते आहेत: शेजारची गिरणी, रस्त्यावरचे हॉर्न, पत्र्यावरची कबुतरं. कोण बोलतं आणि कोण फक्त मान हलवतं. हातांच्या लकबी. पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट कोणती आणि एकदाच घडणारी कोणती. पुन्हा घडणारी गोष्ट दहा कोनांतून घेता येते. एकदाच घडणारीसाठी आधी जागा धरून ठेवावी लागते.

आमच्या वस्तादांनी दुसऱ्याच दिवशी हटकलं. "तुमी नुसतं बसताय, काढत काय न्हाई?" मी म्हटलं, "वस्ताद, अजून कळलं नाही काय काढायचं ते." ते हसले आणि शेजारी बसवून लाठीपासून पट्ट्यापर्यंतचा क्रम सांगायला लागले. लाठी का आधी, पट्टा का शेवटी, मनगट वाकलं तर काय होतं. महाराष्ट्र शासनानं 2024 साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला, ही बातमी त्यांनी कापून भिंतीवर चिकटवली होती, पण तिच्याविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत. ती भिंत मी वहीत लिहून ठेवली. फिल्ममध्ये तिच्यावर चार सेकंद आहेत.

कागदपत्रं

इथं आपली माणसं फार ढिली असतात. "आपल्यातलंच काम आहे, कागद कशाला?" असं दोन्ही बाजू म्हणतात आणि वर्षभरानं बोलणं बंद होतं. दोन पानांचा मराठीतला करार पुरे, पण तो हवाच.

सगळ्यात आधी हक्क. भारतीय कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 प्रमाणे, कुणी मोबदला देऊन फिल्म करून घेतली आणि वेगळा करार केला नाही, तर फिल्मच्या हक्कांची पहिली मालक ती करून घेणारी व्यक्ती किंवा संस्था होते. दिग्दर्शकाला वाटत असतं, मी केली म्हणजे माझी. कायदा तसं म्हणत नाही. तुम्हाला ती महोत्सवांत पाठवायची असेल, तुमच्या कामाचा नमुना म्हणून दाखवायची असेल, तर ते कागदावर असलं पाहिजे. मी साधारण असं मांडतो: हक्क संस्थेकडं, पण महोत्सवांत पाठवण्याचा आणि माझं काम म्हणून दाखवण्याचा अधिकार कायम माझ्याकडं. हक्क हस्तांतरित करताना मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. कलम 19 प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

न वापरलेलं फुटेज कुणाचं, हेही लिहा. संस्था नंतर हमखास मागते. द्यायचं ठरलं तर हार्ड डिस्कचा खर्च कोटेशनमध्ये धरा.

संगीताच्या बाबतीत मोठा गैरसमज आहे. शंभर वर्षांपूर्वीचं नाट्यपद आहे म्हणून कुठलंही ध्वनिमुद्रण वापरता येतं असं नाही. कवी आणि संगीतकार जाऊन साठ वर्षं उलटली असतील तर ते पद मोकळं असतं, पण ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे आणि ते प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतात. 1990 साली बाजारात आलेली कॅसेट 2050 संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीची आहे. उपाय सोपा आहे: संस्थेतल्याच विद्यार्थ्याकडून ते पद गाऊन घ्या आणि त्याची लेखी संमती घ्या. फिल्मलाही ते शोभतं. कलाकारांनाही स्वतःचे हक्क असतात, त्यामुळं गाणाऱ्या, वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या प्रत्येकाची सही हवी. मुलं असतील तर पालकांची. आमच्या फिल्ममधल्या मुलीच्या वडिलांनी सही करण्याआधी अर्धा तास प्रश्न विचारले. त्या अर्ध्या तासात मला कळलं की फिल्म खरी त्यांच्यासाठी करायची आहे.

पैसे तीन टप्प्यांत घ्या. मी करारावर सही होताना 40 टक्के, चित्रीकरण संपल्यावर 30 आणि अंतिम फाईल देण्याआधी 30 टक्के घेतो. आठ मिनिटांच्या फिल्मसाठी मी तीन दिवस बसणं, चार दिवस चित्रीकरण, दहा दिवस संकलन आणि दोन दिवस दुरुस्त्या असा हिशेब मांडतो, आणि कोटेशनमध्ये दिवस दाखवतो. "फिल्मचे इतके" असा एकच आकडा दिला की घासाघीस होते. दिवस दाखवले की लोकांना श्रम दिसतात. दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, तिसरीला वेगळे पैसे, हेही आधीच लिहा.

संस्थेकडं पैसे नसतील तर ते मिळवायची एक वाट तुम्हीही दाखवू शकता. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या परिशिष्टात कला, संस्कृती आणि वारसा जतन यांचा समावेश आहे, म्हणजे कंपन्या सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) निधी त्यावर खर्च करू शकतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या औद्योगिक वसाहती आपल्या दारातच आहेत. त्यासाठी संस्थेची आयकर सवलतीची 12ए आणि 80जी, आणि असा निधी घेण्यासाठीची सीएसआर-1 ही नोंदणी झालेली असावी लागते. सचिवांना त्याबद्दल पहिल्याच बैठकीत विचारा.

परवानग्या आणि पंचांग

अंबाबाई आणि जोतिबा या देवस्थानांसाठी पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडं, रस्ते-बागांसाठी महापालिका आणि पोलिसांकडं, तर पन्हाळ्यासारख्या संरक्षित स्मारकात पुरातत्त्व खात्याकडं अर्ज करावा लागतो. अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर द्या. एकट्या फिल्मवाल्यापेक्षा जुन्या संस्थेच्या नावाला मान असतो. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा कुठल्या रंगात येते ते पाहा, कारण उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागूनच आहे. खरं सांगायचं तर आखाड्याच्या फिल्मला ड्रोन लागत नाही.

पंचांग मात्र नीट बघा. कोल्हापूरच्या सांस्कृतिक आयुष्याला स्वतःचं वेळापत्रक आहे. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या सासनकाठ्या, 26 जूनला शाहू जयंती, ललिता पंचमीला त्र्यंबोली यात्रा, दसऱ्याला दसरा चौकातलं सोनं. अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदाच, नोव्हेंबरच्या 9 ते 11 तारखेला आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, आणि मावळतीची ती किरणं काही मिनिटांचीच. असा दिवस फिल्ममध्ये हवा असेल तर बाकी सगळी कामं त्याच्या मागे-पुढे लावायची. जून ते सप्टेंबर मुलाखती ठेवू नका. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडायला लागला की कुठलाही माईक काही करू शकत नाही. पावसाची दृश्यं हवी असतील तर ती तेवढी वेगळी घ्या.

कॅमेऱ्याबद्दल थोडं

थोडंच, कारण यावर सगळेच बोलतात. आज मिळणारा कुठलाही बऱ्यापैकी कॅमेरा चालतो, चांगला फोनसुद्धा. सेटिंग हाताने ठेवा: सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळं ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. 30 फ्रेम आणि 1/60 वर चित्रात उजेडाचे पट्टे सरकताना दिसतात आणि ते नंतर घालवणं जिकिरीचं असतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवणारं सेटिंग, ऑटोवर सोडू नका. खिडकीचा उजेड आणि ट्यूब एकत्र असतील तर ट्यूब बंद करा आणि माणसाला खिडकीजवळ बसवा.

आखाड्यात पट्टा फिरतो तेव्हा कॅमेरा फिरवायचा मोह होतो. आम्ही ट्रायपॉड एका जागी रोवला, तोही सुरक्षित अंतर राखून आणि वस्तादांना विचारून. फिरणारी गोष्ट स्थिर चौकटीत जास्त वेगानं फिरते. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद धरा, आणि कृती संपल्यावर आणखी पाच सेकंद थांबा. पट्टा खाली ठेवल्यावर त्या मुलीनं मनगट चोळलं, ते त्या पाच सेकंदांत मिळालं.

आवाज

चित्र थोडं अंधारं असलं तरी माणसं बघतात. आवाज खराब असला तर पाच मिनिटंही बसत नाहीत. बजेटमधून एकाच गोष्टीवर जास्त खर्च करता येणार असेल तर तो आवाजावर करा.

मी हे ज्या कामातून शिकलो ते अजून मनाला टोचतं. एका ज्येष्ठ गायकांची मुलाखत घेतली होती, उन्हाळ्यात, त्यांच्या घरी. पंखा बंद करा म्हणायचं धाडस झालं नाही, वय होतं त्यांचं, उकडत होतं. कानाला हेडफोन नव्हता. घरी येऊन ऐकलं तर प्रत्येक वाक्यामागं पंख्याची घरघर. पुन्हा जाऊ म्हणता म्हणता चार महिने गेले आणि ते गेल्याची बातमी आली. त्यांनी त्या मुलाखतीत गुणगुणलेली बंदिश आज माझ्याकडं आहे, पंख्याच्या घरघरीसकट.

तेव्हापासून काही गोष्टी मी चुकवत नाही. हेडफोन कानाला लावल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू होत नाही, आणि हेडफोन कॅमेरावाल्याच्या कानाला नसतो, आवाज सांभाळणाऱ्या वेगळ्या माणसाच्या कानाला असतो. कॉलरचा माईक हनुवटीखाली एक वीत, साडीच्या पदराला किंवा सदऱ्याच्या बटनपट्टीला. मंगळसूत्र, गळ्यातली माळ, कडक खादी यांच्याशी तो घासतो का ते आधी ऐका. कॅमेऱ्यावरचा माईक फक्त नंतर आवाज आणि चित्र जुळवण्यासाठी. रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिटला, आणि बोलणं उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. कुणी जोरात हसलं किंवा आरोळी दिली तर वर जागा उरली पाहिजे, आणि शाहीर असतील तर आणखी खाली. डफावर थाप पडली की काटा कुठं जातो ते आधी वाजवून घेऊन बघा.

फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज पुन्हा चालू केल्याशिवाय तुम्ही घरी जाऊच शकणार नाही, आणि त्या माउलीचं दूध नासणार नाही.

मुलाखत संपली की सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवा आणि त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा. संकलनात दोन वाक्यांमधली भेग बुजवायला तीच लागते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. त्याशिवाय जागेचे आवाज वेगळे टिपा. आमच्या आखाड्यात लाठ्या एकमेकींवर आपटण्याचा, पट्टा हवा कापतो त्याचा, आणि पहाटे माती शिंपडतानाचा आवाज आम्ही स्वतंत्र घेतला. फिल्मची पहिली वीस सेकंदं काळा पडदा आणि पट्ट्याचा तो आवाज एवढंच आहे.

बोलतं करणं

कोल्हापुरी माणूस गप्पांत मोकळा, पण कॅमेरा लागला की भाषणाला उभा राहतो. "सर्वप्रथम मी सर्वांचे आभार मानतो" असं सुरू झालं तर थांबवू नका. ते होऊ द्या. पाच मिनिटांनी भाषण संपतं आणि मग माणूस बोलायला लागतो. तोवर कॅमेरा चालू असू दे.

प्रश्न छोटा आणि घडलेल्या गोष्टीचा विचारा. "या कलेचं समाजातलं महत्त्व काय?" असं विचारलंत तर छापील उत्तर मिळेल. "वस्ताद, तुमच्या हातात पहिल्यांदा पट्टा कुणी दिला? तेव्हा पायात काय होतं?" असं विचारलं की ते थांबतात, वर बघतात, आणि मग म्हणतात, "अनवाणीच की. चप्पल बाहेर काढून आत यायचं असतंय." आपला प्रश्न फिल्ममध्ये ऐकू येणार नसेल तर उत्तरात प्रश्नाचा धागा यायला हवा, हे आधी समजावून सांगा.

वयानं मोठ्या माणसांना अण्णा, काका, बुवा, वस्ताद, बाई, जसं त्या संस्थेत म्हणतात तसंच म्हणा. आणि त्यांची भाषा सुधारू नका. "आलोय", "करत्यात", "न्हाई" हे तसंच राहू द्या. कॅमेऱ्यासाठी पुस्तकी मराठी बोलायला लावलं तर माणसाचा चेहराच बदलतो. काही पदाधिकारी म्हणतात, बाहेरच्या लोकांना कळणार नाही. त्यासाठी उपशीर्षकं आहेत. अध्यक्षांची मुलाखतही मनापासून घ्या, पण त्यांना संस्थेबद्दल विचारण्याऐवजी ते पहिल्यांदा त्या दारातून आत आले तो दिवस विचारा. आमच्या अध्यक्षांनी सांगितलं की त्यांना त्यांच्या आजीनं कान धरून आणलं होतं. मग ते फिल्ममध्ये आले आणि कुणालाही ते घुसवल्यासारखे वाटले नाहीत.

संकलन आणि कार्यकारिणी

रोज रात्री कार्डावरचं फुटेज दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवा, दोन्हीकडं फाईल उघडते का ते बघा, मगच कार्ड पुसा. कॅमेरा 100 एमबीपीएसला (सेकंदाला 100 मेगाबिट) चित्रित करत असेल तर तासाला साधारण 45 जीबी होतात. चार दिवसांत आठ तास घेतले तर 360 जीबी, आणि दोन प्रती. डिस्क त्या हिशेबानं आधीच घ्या.

मुलाखती शब्दशः लिहून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण फिल्म तिथंच सापडते. लिहिलेली वाक्यं कात्रीनं कापून टेबलावर मांडा. चांगली वाटली ती ठेवा, मग त्यातलीही अर्धी काढा. जे चित्रात दिसतंय ते बोलण्यातून सांगू नका. निवेदकाचा भारदस्त आवाज लावण्याआधी एकदा तो नसताना फिल्म बघा. दहापैकी आठ वेळा त्याची गरज पडत नाही.

जुने फोटो मिळतातच. ते स्कॅन करताना मागची बाजूही स्कॅन करा. तिथं पेन्सिलीनं लिहिलेली नावं आणि सालं असतात. आजी-माजी पदाधिकाऱ्यांची, पाहुण्यांची, पुरस्कारांची पूर्ण यादी हवीच असेल तर दोन-तीन मिनिटांची वेगळी फोटोफिल्म करून द्या, समारंभ सुरू होण्याआधी सभागृहात चालेल अशी. त्यामुळं कुणाचा मान राहून जात नाही आणि मुख्य फिल्म मोकळी राहते. हा तोडगा मी आता कोटेशनमध्येच लिहितो.

रफ कट व्हॉट्सॲपवर पाठवू नका. कार्यकारिणीला एका खोलीत बसवा, पडद्यावर दाखवा, पहिल्यांदा बघताना कुणी बोलायचं नाही असं सांगा. दुसऱ्यांदा दाखवताना प्रत्येकाला कागद द्या. आणि त्या बैठकीला ज्यांच्यासाठी फिल्म केली त्यांच्यापैकी कुणाला तरी बोलवा. आम्ही पेठेतल्या तीन आयांना बोलावलं होतं, ज्यांच्या मुली अजून आखाड्यात येत नव्हत्या. बघून झाल्यावर एक काकू म्हणाल्या, "पोरगीला लागलं तर कोण बघतंय, ते न्हाई दाखवलं." त्यांचं बरोबर होतं. वस्ताद मुलीच्या मनगटाला हळद लावतानाचा शॉट आमच्याकडं होता, आम्ही तो लांबी कमी करायला काढून टाकला होता. तो परत घातला आणि संस्थेच्या प्रवेशद्वाराचा देखणा शॉट काढला. सचिवांनी एका शब्दानं विरोध केला नाही, कारण सूचना कुणाकडून आली ते त्यांनी स्वतः ऐकलं होतं.

उपशीर्षकं मराठीतही द्या आणि इंग्रजीतही. बरीच माणसं फोनचा आवाज बंद ठेवून बघतात, आणि ऐकू कमी येणारी माणसं प्रत्येक घरात आहेत. एका वेळी दोनच ओळी, वाचून होईपर्यंत टिकणाऱ्या.

हवाली करताना

सभागृहासाठी एक, यूट्यूबसाठी एक, मोबाईलसाठी साठ सेकंदांची उभी एक, अशा तीन फाईल द्या. यूट्यूबसाठी आवाजाची सरासरी उणे 14 एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजायचं एकक) आसपास ठेवा. सभागृहातल्या प्रोजेक्टरवर काळे भाग पिठासारखे दिसतात, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिथं जाऊन लावून बघा, त्याच लॅपटॉपवर, त्याच केबलनं, शेवटच्या रांगेत बसून. तिकीट लावून किंवा थिएटरमध्ये सार्वजनिक प्रदर्शन करायचं असेल तर चित्रपट प्रमाणन (सेन्सॉर) मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा वेळ आधी धरा.

आणि मग जतन. मूकपटांच्या काळात आपल्या देशात झालेल्या बहुसंख्य चित्रपटांची एकही प्रत आज उरलेली नाही. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ 1948 च्या दंगलीत जळाला. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. 1915 पासून उभ्या असलेल्या त्या वास्तूतल्या रंगमंचाकडं बघत रस्त्यावर उभी असलेली, रडणारी माणसं या गावानं पाहिली आहेत. त्यानंतर मी एक ठरवलंय. संस्थेचं काम घेतलं की कोटेशनमध्ये जतनाची वेगळी ओळ असते आणि तिच्यावर घासाघीस करत नाही.

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. अंतिम फिल्मबरोबर पूर्ण मुलाखती, न कापलेल्या, द्या. आम्ही फिल्ममध्ये वस्तादांची दीड मिनिटं वापरली, पण त्यांनी पट्ट्याचे सगळे हात सावकाश करून दाखवलेलं चाळीस मिनिटांचं चित्रीकरण वेगळ्या फोल्डरमध्ये आहे. फाईलला "फायनल_2_नवीन" असली नावं देऊ नका. साल, महिना, तारीख, माणसाचं नाव, विषय, असं लिहा. सोबत एक साधी मजकुराची फाईल ठेवा: कोण कोण दिसतं, कुणाची संमती आहे, कुठला शब्द कुणाचा. दर दोन वर्षांनी डिस्क लावून बघायची जबाबदारी कुणाची, ते ठरावात लिहून घ्या.

आमच्या आखाड्याच्या तीन डिस्कपैकी एक संस्थेच्या कपाटात आहे, एक माझ्याकडं. तिसरी वस्तादांनी मागून घेतली. ती त्यांच्या घरी ट्रंकेत आहे, जुन्या पट्ट्याच्या शेजारी, फडक्यात गुंडाळलेली, आणि वर त्या मुलीनं स्वतःच्या अक्षरात सगळ्यांची नावं लिहून कागद चिकटवलाय.